डावऱ्या गावाचं पुस्तक

माझ्या टेबलावर शिसवी लाकडाचा एक ठोकळा असतो. कागद उडू नयेत म्हणून मी तो ठेवलाय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं. त्यावर एक चित्र कोरलेलं आहे. एक मुलगा भाकरीचं फडकं सोडतोय आणि फडक्यातून एक गलेलठ्ठ बेडूक थेट त्याच्या नाकाच्या दिशेनं निघालाय. आमच्या छापखान्यात जे काही ठोकळे कोरले गेले, त्यांत हा सगळ्यांत बिनचूक. बिनचूक असल्यामुळेच तो आजवर एकदाही छापला गेलेला नाही. चुकलेले सगळे छापले गेले, आणि लोकांनी मागून मागून नेले. हे कसं झालं ते मी न विचारताही सांगत असतो. यंदा संपादकांनी आपणहून विचारलं, एवढाच फरक.

तर मंडळी, पडदा वर करतो. एकोणीसशे तीस ते चाळीसच्या मधली बारामती. पेठेत गुळाच्या अडतींच्या ओळीत शेवटचा गाळा आमचा. पुढं बाकडं, मागं खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसी, मधे पायानं मारायचं ट्रेडल यंत्र, आणि या सगळ्यावर गुळाचा वास. आमच्याकडून गेलेल्या लग्नपत्रिकांना मुंग्या लागायच्या. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मी सांगायचो, "मुंग्या लागल्या म्हणजे संसार गोड होणार." एकही पत्रिका परत आली नाही.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा फारसं बोलत नसत, खोकत. एकदा खोकले तर काम थांबवा, दोनदा खोकले तर गिऱ्हाईक बुडवं आहे, आणि लांबलचक खोकले तर चहा मागवा. मी कंपोझिटर. खिळे जुळवायचे, ट्रेडल मारायचं, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत विनोदी पात्रं करायचो म्हणून गिऱ्हाइकांशी बोलायचंही काम माझ्याकडेच.

आमच्या धंद्यात सगळा उलटा कारभार. शिशाच्या खिळ्यावर अक्षर असतं ते आरशात दिसावं तसं. त्याला शाई लावून कागद दाबला की कागदावर ते सरळ उमटतं. म्हणजे आम्ही दिवसभर उलटं वाचायचं आणि लोकांनी सरळ वाचायचं. वर्षभरात डोळे असे वळतात की उलटं ते आपलं वाटायला लागतं. मी तर घरी पोथी वाचताना अडखळायचो. आई म्हणायची, "शाळेत होतास तेव्हा बरा वाचायचास."

पण हे झालं अक्षरांचं. चित्रांशी आमचा संबंध जवळपास नव्हता. पुण्याहून आणलेला एक तयार गणपती होता, एक कळस होता आणि बोट दाखवणारा एक हात होता. एकदा इंदापूरकडचा एक माणूस हरवलेल्या म्हशीचं हँडबिल छापायला आला. त्याला वर म्हशीचं चित्र हवं होतं. अण्णांनी विचार करून तो हात घातला. माणूस प्रूफ बघून म्हणाला, "म्हस कुठं हाय?" मी म्हटलं, "हा हात दाखवतोय ना, तिकडं गेली." म्हैस पुढं सापडली. हातानं दाखवलेल्या दिशेला नाही, पण सापडली.

अशा या छापखान्यात एक दिवस निमगाव केतकीचे तात्या आले.

साठीला टेकलेला माणूस, पांढऱ्या मिशा, गुलाबी फेटा, अल्पाकाचा काळा कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत पेरू. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा मोठा मळा होता. वांगी, मिरची, पेरू सगळं बारामतीच्या बाजारात यायचं. ते बाकड्यावर बसले आणि एक पेरू माझ्या हातात ठेवला.

"खा. मळ्यातला हाय."

मी चावा घेतला. पेरूला बूच मारून आत हिरवी मिरची बसवलेली होती. मी ट्रेडलभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि पाण्याच्या माठाला तोंड लावलं. तात्या शांतपणे अण्णांना म्हणाले, "ह्याला ठेवा कामावर. ह्यो रडला न्हाय, नाचला."

"तो कामावरच आहे," अण्णा म्हणाले.

"मग माझं काम ह्यालाच द्या. मला पुस्तक छापायचंय. चित्रांचं. आमी दोघांनी ल्हानपणी येकमेकांच्या ज्या खोड्या काढल्या, त्यांचं."

"दोघांनी म्हणजे?"

"मी आन नरसिंहपूरचा आबा. ल्हानपणी त्यो मामाकडं आमच्या गावात असायचा. येका पाटीवर लिवायचो आमी. उजव्या पानावर खोडी मांडायची, आन पान उलटलं की फजिती दिसायची. उलटल्याबिगर कळता कामा न्हाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन त्याला ठाव पडता कामा न्हाय. त्याची साठीशांत हाय नरसिंहपुरात. त्या दिवशी त्याच्या हातात पुस्तक पडाय पायजे."

मी म्हटलं, "म्हणजे पुस्तक हीच एक खोडी."

"व्हय. शेवटची."

मग त्यांनी एक अट घातली. "आबा डावरा हाय. चित्रात त्याला डावराच काढायचा. बाकी समदे उजवे."

डावरा म्हणजे डावखुरा. हे ऐकल्यावर अण्णा खोकले. एकदाच. अण्णांना बारामतीपासून नरसिंहपूरपर्यंतच्या सगळ्या लग्नांतल्या सगळ्या भानगडी माहीत असत, कारण पत्रिका त्यांनी छापलेल्या असत. ते म्हणाले, "तात्या, ज्या हातावरून माणूस रुसलाय, तोच हात त्याला चित्रात दाखवणार?"

तात्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मला सगळं सांगितलं.

आबांच्या मुलीचं लग्न होतं. आबांनी त्या दिवसासाठी नवा कोट शिवला होता. तात्यांनी सकाळी गुपचूप त्या कोटाची उजवी अस्तनी मनगटापाशी सुईदोऱ्यानं शिवून टाकली. हेतू एवढाच की आबा कोट घालतील, हात अडकेल, चार माणसं हसतील. पण आबांनी कोट चढवला तो पंगत बसल्यावर, धावतपळत, व्याह्यांना आग्रहाची जिलबी वाढायला जाताना. हात अस्तनीत अडकला. इंदापूरचे व्याही कडक माणूस. ते म्हणाले, "वाढताय ना?" आबा गडबडले, आणि लहानपणचा हात पुढं आला. डावा. जिलबी डाव्या हातानं पानात पडली, आणि व्याही भरल्या पानावरून उठले. त्यांच्यामागं त्यांची सगळी पंगत उठली.

"चार जाणत्यांनी मिटवलं," तात्या म्हणाले. "पर पोरीला सासरी वरीसभर डावऱ्याची लेक म्हणून ऐकावं लागलं. तवापास्नं आबा माझ्याशी बोलत न्हाय. उंबऱ्यात हुबा करत न्हाय. माफी मागाया दोनदा गेलो, दोनदा कडी लावली. आता म्हटलं, माणसाला दार लावता येतं, खोड्यांचं पुस्तक हातात आल्यावर कोण उघडणार न्हाय?"

"आणि उघडूनही तोंड फिरवलं तर?" मी विचारलं.

"तर ह्या जन्मी मी त्याच्या दाराला जात न्हाय. त्यो साठीचा, मी साठीचा. किती येळा दार लावून घ्यायचं?"

"मग निदान त्यांना उजवं तरी काढू या."

"खोटा आबा काढू व्हय?" तात्या पहिल्यांदाच चिडले. "डाव्या हातानं इटी मारायचा तर गावभर हुडकावी लागायची. पंतोजीनं छड्या मारमारून त्याला उजवा केला. मला त्यो डावराच आठवतो. तसाच काढा."

अण्णा पुन्हा खोकले, पण ते चहाचं होतं.

चित्रं काढायला आणि कोरायला आम्ही निवृत्ती सुताराला धरलं. निवृत्ती पाळण्यांवर मोर कोरायचा. मोर असा की बाळानं झोपायचं सोडून त्याच्याकडे बघत बसावं. छापायचा ठोकळा त्यानं कधी केला नव्हता. मी त्याला समजावलं की ठोकळा खिळ्याच्या उंचीचाच हवा, केसभर कमी पडला तर शाई लागत नाही. जी रेघ छापायची ती उंच ठेवायची, बाकीचं लाकूड खोल काढायचं. त्याला सगळं पटलं. त्यानं उंची अशी राखली की आमच्या शिशाच्या खिळ्यांनी शरमावं.

चित्रांसाठी समोर माणसं हवीत म्हणून तात्या आणि मी खोड्या करून दाखवायचो. तात्या स्वतःच्या भूमिकेत, मी आबाच्या. माझ्या नाट्यजीवनातली ही एकमेव नायकाची भूमिका. भाकरीच्या फडक्यात तात्यांनी बेडूक बांधला, तो मी सोडला, डाव्या हातानं. नदीत पोहणाऱ्या तात्यांची धोतरं आबानं बाभळीच्या शेंड्याला टांगली आणि तात्या केळीचं पान गुंडाळून वेशीतून आले. तात्यांनी माझ्या काष्ट्याला शेजारची शेळी बांधली आणि वर्ग सुटल्याची घंटा झाली. शेळीनं भूमिका फार मनावर घेतली. मी पेठेत दोन दुकानं ओलांडून गेलो. गुळाचे व्यापारी बाहेर येऊन बघत होते. एकानं अण्णांना विचारलं, "छापखाना बंद करून तमाशा काढला काय?" आणि सगळ्यांत शेवटी पंतोजी. त्यांच्या छडीला दोघांनी मिळून खाजकुइली चोळली होती. एका पानावर पंतोजी छडी उगारून उभे, उलटलं की छडी जमिनीवर आणि पंतोजी स्वतःला सगळीकडे खाजवतायत.

निवृत्ती हे सगळं कागदावर काढायचा आणि तात्या पसंत करायचे. "आबाचा हात डावा हाय न्हवं?" असं प्रत्येक चित्राला विचारायचे. होता. मग निवृत्ती कागदाला मागून खळ लावून तो ठोकळ्यावर डकवायचा आणि रेघेबरहुकूम कोरायचा.

छापखान्यातल्या वाचकांच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही.

कागद पालथा डकवायला हवा होता. ठोकळ्यावर जे डावं ते कागदावर उजवं होतं, हे जगात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असायला हवं, तर आम्हाला. पण खिळे तर ओतलेलेच उलटे येतात, ते उलटे करायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. निवृत्तीनं कोरलेला ठोकळा आणला की मी आणि अण्णा तो उजेडात धरून बघायचो. आबा डावा, बाकी उजवे. आम्ही म्हणायचो, बरोबर. ठोकळा बघून बरोबर वाटला, हीच धोक्याची खूण. कागदावर प्रूफ आलं तेव्हा मी चित्राखालच्या ओळी वाचल्या, शाई सारखी बसलीय का बघितलं. उलटं बघायला सरावलेल्या डोळ्यांना त्यात काही खटकलं नाही. अण्णा मात्र एकदा खोकले होते. आम्हाला वाटलं, खरा खोकला आहे.

साठीच्या आदल्या दिवशी सकाळी तात्या पुस्तकं न्यायला आले. पिवळ्या कव्हराची, शिवलेली, कडा कापलेली पुस्तकं मी बाकड्यावर रचून ठेवली होती. तात्यांनी पहिलं पान उघडलं. गणपती. हात जोडले. दुसरं पान उघडलं, हसले, उलटलं, मोठ्यानं हसले. मग मागं आले आणि हसायचं थांबले. स्वतःचे दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"दिगू, हितं ये. ह्या पोरीच्या कुठल्या हातात घास हाय?"

मी बघितलं. "डाव्या."

"ही आबाची मामी. पदर कुठल्या खांद्यावर हाय?"

"दुसऱ्या."

"पंतोजीची छडी?"

"डाव्या हातात."

"मी?"

"तुम्हीपण डावे, तात्या."

"आन आबा?"

आबा उजवा होता. सगळं निमगाव डावरं, आणि त्यात एकटा आबा उजवा. पुस्तकात बरोबर होता तो एकटा गणपती, कारण तो पुण्याहून आला होता.

निवृत्तीला बोलावलं. त्यानं पुस्तक बघितलं, ठोकळा बघितला, पुन्हा पुस्तक बघितलं आणि खाली फरशीवर बसला. "मी तर हाय तसंच कोरलं," म्हणाला.

"तेच तर झालं," अण्णा म्हणाले. ते खोकलेसुद्धा नाहीत.

तात्या पायरीवर जाऊन बसले. पेठेतून गुळाच्या गाड्या जात होत्या, तिकडे बघत म्हणाले, "समद्या गावाला डावरं करून ह्यो मला येडावतोय, असंच त्याला वाटणार. न्हेऊ नये ते बरं."

मी म्हटलं, "चूक आमची आहे, तसं त्यांना सांगू."

"कोण सांगणार? मला तर दारात घेत न्हाय."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा आत्तापर्यंतचा लौकिक बघता ते शक्य नव्हतं. मी म्हटलं, "मी सांगतो."

निवृत्ती तेवढ्यात उठला होता. "दोन दिस द्या, समदे ठोकळे नव्यानं कोरतो," असं म्हणत तो निघूनच गेला. पंगत दुसऱ्या दिवशी दुपारी होती. पण लाजलेल्या कारागिराला कोण थांबवणार?

तात्या आणि मी मोटारीनं निमगावला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या छकड्यातून नरसिंहपूरला.  वाटभर तात्यांनी पेरूसुद्धा दिला नाही. नीरा आणि भीमा मिळतात तिथं, देवळाच्या खालच्या घाटावर ते बसले. "मी हितं हाय. रागावला तर चूक छापखान्याची म्हणून सांग. हसला तर..."  पुस्तकांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन ते पाण्याकडे तोंड करून बसले.

आबांच्या दारात मांडव होता. पानं मांडायची गडबड चालली होती. आबा पाटावर बसले होते. उंच, हाडापेरानं दणकट माणूस, आणि मिशी अशी की तिच्याखाली राग आहे की हसू, देवालाच ठाऊक. शेजारी पांढऱ्या पागोट्यातले एक करारी गृहस्थ बसले होते. ते इंदापूरचे व्याही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ज्या माणसाकडे बघून आपण उगीचच सरळ बसतो, तसे ते होते.

मी नमस्कार करून पुस्तक आबांच्या हातात दिलं. आबांनी कव्हर बघितलं. 'आबा-तात्याच्या खोड्या.' त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता पुस्तक नदीत जाणार. पण तात्यांचं म्हणणं खरं होतं. खोड्यांचं पुस्तक हातात आल्यावर ते मिटलेलं ठेवणं माणसाला जमत नाही.

बेडूक. पान उलटलं. बाभळीवरची धोतरं. पान उलटलं. केळीचं पान. नातवंडं मागून वाकून खिदळत होती. आबांची मिशी हलत नव्हती. मग ते पहिल्या चित्रावर परत आले आणि चित्रातल्या एकेका माणसावर बोट ठेवत गेले.

"हे चितारलं कुणी?"

"बारामतीच्या निवृत्ती सुतारानं."

"समद्यास्नी डावरं काढाया कुणी सांगितलं?"

आता माझा प्रवेश. संवाद पाठ होता, चूक छापखान्याची. पण नटाला समोरच्याचा चेहरा वाचता यायला हवा, आणि इथं तर नुसती मिशी. मी तोंड उघडलं, आणि आबांनी पुढचं पान उलटलं.

पंतोजी. छडी उगारलेली, डाव्या हातात.

आबा त्या चित्राकडे किती वेळ बघत राहिले. मग मिशीच्या आतून कुठूनतरी आवाज आला. "मास्तर बी डावरा." पुन्हा म्हणाले, "आरं, मास्तर बी डावरा काढला." आणि मग तो उंच माणूस असा हसायला लागला की पाट हलला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुस्तक ते व्याह्यांच्या तोंडासमोर नाचवत होते. "ह्यानं माझी बोटं फोडली वो, डावा हात वापरतो म्हणून. बघा, आता कुठल्या हातानं मारतुय. समदं गाव डावरं, आन मी येकटा सरळ."

व्याह्यांनी चष्मा लावून चित्र बघितलं. ते हसले नाहीत. पण त्यांनी पान उलटून पंतोजी खाजवताना बघितले, आणि मग पुन्हा मागं येऊन पुन्हा उलटलं.

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "कुठं हाय त्यो?"

"घाटावर."

"मग तितं काय मासं मोजतोय? पानं वाढलीत म्हणावं."

मी जसा धावलो, तसा शेळीच्या वेळीही धावलो नव्हतो.

तात्या आले. कोट आतल्या खुंटीला लावला, आणि आबांच्या समोरच्या पाटावर बसले. दोघं एकमेकांकडे बघेनात. वरणभात वाढला. सगळी पंगत जेवायला लागली आणि तात्या तसेच बसून राहिले. मग त्यांनी उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं भात कालवायला सुरुवात केली.

 हे काही चित्र नव्हतं. चारचौघांत, व्याह्यांच्या पंगतीला, साठीचा माणूस डाव्या हातानं जेवत होता, आणि अतिशय वाईट जेवत होता. वरण मिशीवर, भात छातीवर. वाढणाऱ्या बाया थांबल्या. आबांची लेक तूप घेऊन चौकटीत उभी होती, ती तिथंच राहिली.

आबा म्हणाले, "तात्या, तोंड मधी असतंय. कानात घालतुयास."

"सवं न्हाय मला," तात्या खाली मान घालून म्हणाले. "तुला कसं जमायचं रं?"

"मारलं न्हवतं तवर जमायचं."

आबा उठले. जिलबीचं ताट घेतलं आणि सरळ व्याह्यांच्या पानासमोर जाऊन उभे राहिले. ताट उजव्या हातात होतं. डाव्या हातानं एक जिलबी उचलली आणि धरून राहिले. घाईनं नाही, अडकून नाही, समजून सवरून. लेकीच्या हातातलं तूप कलंडून पायावर सांडत होतं, तिला कळत नव्हतं. 

व्याह्यांनी आबांच्या हाताकडे बघितलं, मग समोर वरणानं माखलेल्या तात्यांकडे, आणि मग पान पुढं सारलं.

"दोन वाढा," ते म्हणाले. "मागची येक राहिलीया."

त्या पंगतीत पुढं कोण कुठल्या हातानं जेवलं, ते मी सांगत नाही. नातवंडांनी पुस्तक बघितलेलं होतं, एवढं लक्षात घ्या. व्याह्यांनी जाताना एक प्रत मागून घेतली. "घरी पोरं हायत," म्हणाले. घरी पोरं नव्हती, सगळी तिथंच होती.

जेवणं झाल्यावर आबा मधेच उठून आत गेले. मला वाटलं, देवघरात गेले असतील. बाहेर येऊन ते लोडाला टेकले आणि पान जुळवत बसले. निघायची वेळ झाली. तात्यांनी खुंटीवरचा कोट काढला, डावा हात घातला, उजवा घातला. उजवा हात मनगटापाशी येऊन थांबला. पुन्हा रेटला. थांबला.

अस्तनीच्या तोंडाला पांढऱ्या दोऱ्याचे मोठमोठे टाके होते. डाव्या हातानं घातलेले असावेत, सगळे एकाच अंगाला झुकलेले.

आबा वर मांडवाच्या छताकडे बघत पान चघळत होते.  तात्यांनी फक्त डावा हात उंच केला, निरोपाचा, आणि छकड्यात बसले.

वाटेत मला म्हणाले, "आणखी छापा. लोक मागतील. पर काय बी सुधरायचं न्हाय बरं का." मी म्हटलं, निवृत्ती नवे ठोकळे कोरायला बसलाय. "त्याला थांबीव. झाला आसंल त्यो तुझ्यापाशी ठीव." झाला होता एक, बेडकाचा. तोच हा, माझ्या टेबलावरचा.

मी खिशातला चाकू काढून तात्यांच्या पुढं केला. टाके उसवायला. त्यांनी चाकूकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली. बैल आपल्या चालीनं चालले होते. निमगाव येईपर्यंत तो माणूस उजवा हात अस्तनीत अडकवून तसाच बसला होता, आणि मधूनमधून एकटाच हसत होता.